केसरबाईचा काढा

"मॅडम, पाळीच्या दिवसांत शीला बसलं तरी पोटात सुरी फिरल्यासारखं दुखतं, ते सगळ्यांनाच ना?"

सोनमनं हे उभं राहून विचारलं, आणि तेही खणखणीत आवाजात. शेवटच्या बाकावर पैज लागली होती. मुलींना माहिती द्यायला शाळेत डॉक्टर मॅडम आल्या होत्या, मुलांना मैदानावर पिटाळलं होतं, अन् "कुणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर अख्खा वर्ग बाकात तोंड घालून बसला होता. शेजारच्या मृणालनं कोपर मारलं. "विचार ना ते तुझं शीचं. हिंमत असेल तर. दाबेली माझ्याकडून." अकरावीत आल्यापासून सोनमला हिंमत नावाची वस्तू नवीनच मिळाली होती. नवी चप्पल घातलेलं पोर जसं काम नसताना अंगणभर फिरतं, तशी ती हिंमत घालून जिथंतिथं मिरवायची. उठली आणि बोलून मोकळी झाली.

वर्गात हशा फुटला. कुणी ओढणी तोंडात कोंबली, कुणी बाकावर डोकं आपटलं. वर्गाच्या मालतीबाई "ए, गप्प!" म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचेही खांदे हलत होते.

डॉक्टर मॅडम मात्र हसल्या नाहीत. "असं कुणाकुणाला दुखतं? हात वर करा बरं."

सोनमनं हात वर केला आणि ऐटीत मागं वळून पाहिलं. तिला वाटलं होतं, आता हातांचं शेत उभं राहील. सगळ्या जणी लाजताहेत एवढंच, एकीनं सुरुवात केली की बाकीच्या येतील. पण एकही हात नव्हता.

"तुला नाही?" तिनं मृणालला विचारलं.

"दुखतं गं. पण असं नाही," मृणाल म्हणाली आणि पहिल्यांदाच हसायची थांबली.

बाईच्या जातीला हे लागलेलंच, सगळ्यांना होतं, असं आई म्हणायची. त्या 'सगळ्यां'च्या गर्दीत उभं राहून सोनमनं पहिल्या पाळीपासूनची दुखणी दात आवळून काढली होती. ती गर्दी एकाएकी उठून गेली, आणि वर्गात तिचा एकटीचा हात तेवढा वर राहिला. तो खाली कसा घ्यावा हेच तिला कळेना.

तास संपल्यावर मॅडमनी तिला बाजूला घेतलं. कधीपासून, कुठं, उलट्या होतात का, शाळा बुडते का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. असेलच असं मी म्हणत नाही, पण तपासायला हवं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी बाहेर, नको तिथं उगवतं. पाळी आली की तेही सुजतं. आईला घेऊन दवाखान्यात ये."

"आई काढा करते, मॅडम. शेक पण देते."

"बरं वाटत असेल तर घे की. शेकानं आराम पडतो. पण काढा पिऊन आत काय आहे ते कळत नाही. आणि घरगुती म्हणून काहीही, कितीही प्यायचं नाही. आईला घेऊन ये."

दाबेली मिळाली. सोनमनं ती गेटबाहेर उभं राहून खाल्ली. मृणाल सरकारी क्वार्टर्सकडं वळली, ही डोकमर्डीतल्या चाळीच्या वाटेला लागली. आजाराचं नाव विसरू नये म्हणून सोनम ते पुटपुटत चालली होती. एवढं लांबलचक नाव आपल्या पोटाला मिळालं याचा तिला थोडा अभिमानही वाटत होता, खोटं कशाला बोला.

घरी मात्र त्या नावाला कुणी पाट मांडला नाही.

सोनमचा बाप सुकदेव शिरपूरकडचा. सोनम पाळण्यात होती तेव्हा सिल्वासाला आला आणि तेव्हापासून धाग्याच्या कंपनीत मशीनवर आहे. मशीनच्या आवाजानं त्याचे कान गेलेले, म्हणून घरातही तो ओरडूनच बोलायचा, आणि शेजाऱ्यांना वाटायचं नवरा-बायकोचं भांडण लागलंय. आई, केसरबाई, दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. धाग्याचे कोन प्लास्टिकमध्ये घालायचे, खोक्यात लावायचे, अख्खी शिफ्ट उभ्यानं.

"दवाखाना?" सुकदेव भाकरीचा घास हातात धरून ओरडला. "तिथं गेलं की काय देतात? गोळ्या! मन्ही बहीण गोळ्या खाऊन खाऊन गेली. जिनिंगमध्ये कामाले व्हती. कंबर दुखे, गोळी खाय. डोकं दुखे, गोळी खाय. शेवटी अंग सुजून ढोल झालं, लघवी बंद. डॉक्टर म्हणे किडन्या गेल्या. मी तिले खांदा देल शे, सोनम. मन्ह्या घरात गोळी यायची नही."

"पप्पा, हळू. सगळ्या चाळीला कळेल."

"कळू दे! झाडपाल्यानं कोणी मेलं नही."

सोनमनं आईकडं पाहिलं. केसरबाई तव्यावरची भाकर उलटत होती. "रविवारी रांधा गावाले जाऊ," ती एवढंच म्हणाली. "जेठीबाईकडून साल आणू."

रविवारी दोघी रांध्याला गेल्या. भादव्याचं ऊन पाठीवर तापलेलं, भाताला लोंब्या आलेल्या, आणि भाताच्या बांधाला लागूनच एका कंपनीची लांबच लांब भिंत. जेठीबाई वारली समाजाची, झाडपाल्याची औषधं देणारी. अंगणात सुपात साली वाळत घातलेल्या. केसरबाईला पाहून ती दारातूनच म्हणाली, "आवी गई, बेन? बस." मग अशोकाची साल, शतावरीची मुळं कागदावर काढता काढता तिनं विचारलं, "या खेपेला दोघींचं बांधू ना? तुझं पण?"

"एकीचंच बांध," केसरबाई घाईनं म्हणाली.

"तुझं बंद झालं?"

"बांध ना माय, रिक्षा जाईल."

सोनम सुपातल्या साली चिवडत होती, ती थांबली. तुझं पण? घरात काढ्याचं ते जर्मनचं पातेलं तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. तिला पाळी यायच्याही आधीपासून ते चुलीवर असायचं. तो काढा कुणासाठी होता हे विचारावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

परतताना तिनं विचारलं, "आई, तुला पण होतं का गं? माझ्यासारखं?"

"पाय उचल. रिक्षा भरंल."

"सांग ना."

"काय सांगू? बायकांचं काय सांगायचं असतं?" केसरबाई पुढं चालू लागली. उजवा हात ओटीपोटावर धरून चालायची तिची सवयच होती. सोनमला आजवर वाटायचं, आई पदर सावरते.

नवरात्रात सोनमची पाळी नेमकी आली. डोकमर्डीत गरबा म्हणजे काय सांगावं! स्पीकरच्या भिंती, आरशांच्या चोळ्या, गुजराती बिहारी मराठी सगळ्या पोरी एका रिंगणात. सोनमनं टाळ्यांची नवी चाल शिकून ठेवलेली, मृणालला पण बोलावलेलं. आणि दुपारी पोटात कळ उठली. ती फरशीवर गालाची बाजू टेकून पडली, कारण फरशी गार असते आणि गार काहीतरी जवळ असलं की ओकारी जरा थांबते. आईनं वीट तापवून, जुन्या लुगड्यात गुंडाळून पोटाला लावली आणि काढ्याचा पेला पुढं केला. साल कुटून, भिजवून, पाव होईपर्यंत आटवलेली, वर गूळ आणि ओवा.

"पी. गाळ सोडू नको."

सोनम प्यायली. अंधार पडेपर्यंत कळ ओसरली. गेली नाही, पण दूर जाऊन बसली, जशी ओळखीची कुत्री हाकलल्यावर रस्त्यापलीकडं जाऊन बसते. सोनम उठली, चोळी घातली आणि अशी नाचली, अशी नाचली की तिच्या रिंगणातल्या बायका बाजूला होऊन बघत राहिल्या. सुकदेव कडेला उभा होता. ज्याला त्याला ओरडून सांगत होता, "दुपारी मरत व्हती! केसरचा काढा पेली आणि बघा! अरे डॉक्टर काय करील!"

मग काय, 'केसरबाईचा काढा' चाळीत गाजला. पाठदुखीची, अंगावर जाण्याची, नुसत्या कंटाळ्याची, अशी प्रत्येक बाई वाटी घेऊन दारात. सुकदेव कामावरून येताना ओवा घेऊन यायचा, पातेल्याखालची शेगडी स्वतः पेटवायचा. आयुष्यात पहिल्यांदा चाळ त्याच्या दाराशी येत होती. आणि केसरबाई, जिला एवढा मान मिळत होता, ती पातेल्यात पळी फिरवताना कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. सोनमला वाटलं, आई लाजते.

शाळेत मृणालनं विचारलं, "दवाखान्यात गेलीस?"

"गरजच काय? काढ्यानं जातं माझं."

"मग बरंय," मृणाल म्हणाली आणि मेंदीच्या डिझाइनवर बोलायला लागली. सोनमपण बोलली. पण आतून तिला वाटत राहिलं की आपण पुन्हा सगळ्यांसारख्या झालो म्हणून एवढं हायसं वाटावं, तर ते वाटत का नाहीये?

दिवाळीच्या तोंडावर कंपन्यांत कामाचा रेटा वाढला. दिवाळीआधी माल निघाला पाहिजे म्हणून छुट्टी बंद. जी बाई घरी बसली तिच्या जागी दुसरी आली, असा ठेकेदाराचा हिशेब. केसरबाई उजाडायच्या आत जायची आणि संध्याकाळी पाय ओढत यायची.

त्यातच सोनमची तारीख आली. आई कामाला जाताना पेला झाकून ठेवून गेली होती. सोनमनं तो एका दमात प्यायला, आणि शेवटच्या घोटाला दाताखाली काहीतरी कचकचलं. कडू. सालीचा कडूपणा तिला पाठ होता, हा तो नव्हता. पेला उजेडात धरला तर तळाशी, तपकिरी गाळाच्या वर, पांढरी भुकटी बसलेली. आईनं गडबडीत नीट कुटली नसावी. त्यात एक तुकडा तसाच होता, अर्ध्या चंद्रासारखा वाकडा, कडेला कोरलेली रेघ.

ती पेला धुवायचा सोडून तशीच बसली.

शाळा बुडवली. कळ हळूहळू दूर गेली, ठरल्यासारखी. संध्याकाळी केसरबाई आली तेव्हा दाराची पायरी ती आडवी होऊन चढली, एक हात भिंतीला. चेहरा राखेसारखा. तोंडावर पाणी मारलं, आणि भिंतीला पाठ लावून उकिडवी बसली, गुडघे छातीशी. सोनम हे बसणं ओळखत होती. असं बसलं की पोट दाबलं जातं आणि श्वास वरच्यावर घेता येतो. हे बसणं तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिलाच सापडलं होतं. आईलाही तिचं तिलाच सापडलं असणार.

सोनमनं वीट तापवली आणि आईपुढं धरली.

"मले नको. तू घे. तुझा दुसरा दिवस ना?"

"तुझा कितवा?"

वीट दोघींच्या मध्ये तशीच राहिली. घरात वीट एकच होती.

तेवढ्यात शेजारची प्रमिला दारात आली, रिकामी वाटी खणखणवत. ती केसरबाईच्याच लाइनीवर कामाला. "केसरताई, तुझा काढा महिनाभर पेले गं. नाक दाबून पेले. माझ्या पोटाला ढिम्म कळलं नाही! त्या काढ्याला फक्त सोनमचंच पोट ओळखीचं आहे वाटतं."

"ज्याची त्याची तब्येत, प्रमिला," केसरबाई म्हणाली.

"तब्येत म्हणे! आणि आज उभी पडत होतीस पट्ट्यावर. सुपरवायझरनं गोळी दिली ती तोंडात का नाही टाकली? लाइन थांबू नये म्हणून देतो मेला, पण देतो ना? मागच्या महिन्यात पण पदरात बांधलीस. सोनं आहे का ते?"

केसरबाईनं पदर मुठीत घेतला. सोनमनं ते पाहिलं. प्रमिला वाटी ठेवून गेली.

"सोड," सोनम म्हणाली.

"काय?"

"गाठ सोड, आई."

तिनं स्वतःच सोडली. आईनं हात धरला नाही, अंगात तेवढा जोर नव्हता. पदराच्या टोकाला गोळी होती. पांढरी, मध्ये रेघ.

"उद्याची का? माझी?"

"तुझ्या बापाले काढा पटतो, गोळी पटत नही." केसरबाई जमिनीकडं बघत बोलली. "तू फरशीवर पडतेस ते बघवत नही. कुटून घालते. त्याले पण समाधान, तुले पण आराम."

"आणि तू?"

"मी काढा पेते ना."

"त्यानं राहतं तुझं?"

"गरम जातं पोटात. तेवढं बरं वाटतं." मग जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं, ती म्हणाली, "तुझ्यायेवढी व्हते तेव्हापासून शे. लग्न झालं की जाईल म्हणे. पोर झालं की जाईल म्हणे. तू झाली. मग मी कोणाले विचारलं नही."

सोनमला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तिला दिसली ती एकाच खोलीत, दोन हातांच्या अंतरावर, तोंड फिरवून पडलेली दोघींची अंथरुणं. इतकी वर्षं. दोघीही जाग्या, दोघीही गप्प, दुसरीची झोप मोडू नये म्हणून. वर्गात एकटीचा हात वर होता त्या दिवशी तिला जेवढं एकटं वाटलं होतं, त्याच्या कितीतरी पट हे होतं.

बाहेर सुकदेवचा आवाज आला. आवाजच आधी यायचा, माणूस मागून. "केसर! मोठं पातेलं काढ! माझ्या मशीनवरचा नथू, त्याची बायको येणार रविवारी. म्हटलं ये, बिनधास्त ये, माझी पोर उभी केली त्या काढ्यानं!" आत येऊन त्यानं ओव्याची पुडी कट्ट्यावर ठेवली. मग दोघींकडं पाहिलं. "काय व्हयनं? तोंडं का पाडली?"

केसरबाईनं सोनमकडं पाहून नकारार्थी मान हलवली. एवढीशीच. ती मान सोनमला पुरी समजली. या माणसाला चाळीत मिळालेला मान, प्रमिलानं महिनाभर नाक दाबून प्यायलेला काढा, नथूच्या बायकोची फेरी, सगळं त्या मानेत होतं.

"पप्पा, काढ्यात गोळी होती," सोनम म्हणाली.

"काय?"

तिला ओरडावं लागलं. "गोळी! गरब्याच्या दिवशी पण! आई कुटून घालायची!"

चाळीतला कुणाचा तरी टीव्ही मध्येच बंद झाला. सुकदेवच्या हातात ओव्याची दुसरी पुडी होती, ती त्यानं खिशात परत घातली, कशाला कुणास ठाऊक. "तू मन्हा पोरीले गोळ्या चारल्या?" आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मन्ह्या बहिणीचं तुले ठाऊक असताना?"

"तिले नाचायचं व्हतं," केसरबाई म्हणाली.

"आणि मी गावभर..." तो खाली बसला. कान गेलेल्या माणसानं स्वतःचंच बोलणं नीट ऐकू यावं म्हणून हळू बोलावं तसं म्हणाला, "किडन्या जातात गं. हळूहळू जातात. कळत नही."

"म्हणूनच सांगतेय, पप्पा." सोनम त्याच्यासमोर बसली, म्हणजे त्याला तिचे ओठ दिसावेत. "कोणती गोळी, कितीदा, ते सुपरवायझर नाही ठरवणार. काढा पण कशासाठी पितोय ते कळू दे. मॅडम म्हणाल्या होत्या तपासायला या. मी तेव्हा गेले नाही. चूक झाली."

"दिवाळी होऊ दे."

"दिवाळीला पण येणार ते. ते सण बघून येत नाही."

"दिवाळीचा माल चालू शे. तुझी माय एक दिवस गेली नही तर तिची जागा जाईल."

"मी नही येत," केसरबाई लगेच म्हणाली. "तू जा, बाप येईल संगे. मले काय झालंय? मले सवय शे."

सोनम उभी राहिली. तिचं पोट दुखत होतं, गोळीचा असर उतरत आला होता. पण आवाज तोच होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, आणि आता तो चाळीला ऐकू गेला तरी तिला चालणार होतं.

"उद्या सकाळी मी सरकारी दवाखान्यात जातेय. शाळेत नाही, दवाखान्यात. पप्पा, तुम्ही आलात तर या, नाही आलात तरी मी जाणार. आणि केस पेपर दोन काढणार. एक माझा, एक आईचा. आई, तू नाही आलीस तर तुझं पण मीच सांगेन. तुला कुठं दुखतं, कधी दुखतं, कसं बसलं की जरा थांबतं, ते मला माझ्यावरून माहीत आहे."